सेल्फ फिरतो, पण ट्रॅक्टर चालू होत नाही



मृगाचा एखादा चांगला पाऊस पडून गेला, दोन दिवस उघडीप मिळाली आणि रानाला वाफसा आला, की गावात कुणालाच दम नसतो. वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. हलक्या रानात तो दोन दिवसांत उडून जातो आणि भारी काळ्या रानात पुन्हा पाऊस झाला, तर आठवडाभर पाय ठेवता येत नाही. नेमक्या अशाच सकाळी, उन्हाळाभर शेडात उभा असलेला जुना ट्रॅक्टर अडून बसतो. चावी फिरवली की सेल्फ फिरतो, इंजिन हलतं, पण पेट काही घेत नाही. मालक चावी फिरवत राहतो. बॅटरी उतरते. मग चार माणसं जमतात आणि चार सल्ले मिळतात. कुणी म्हणतं ढकला, कुणी म्हणतं पंप गेला, कुणी पेट्रोलचा बोळा आणायला धावतं. आज आपण याच अडचणीविषयी बोलणार आहोत.

सुरुवातीला एक खुलासा केला पाहिजे. ही माहिती जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल नावाची, संगणकाच्या इशाऱ्यावर चालणारी डिझेलची यंत्रणा आली. तिच्यातला दाब जुन्या पंपाच्या कितीतरी पट असतो. ज्यांच्याकडे असा ट्रॅक्टर आहे त्यांनी कोणतीही नळी सैल करू नये, सरळ कंपनीचा माणूस बोलवावा. बाकी आपल्या गावागावांतून जे वीस-पंचवीस, अगदी चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून नांगर ओढताहेत, त्यांच्याबद्दल मी बोलतो आहे.

डिझेल इंजिनात पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. मग डिझेल पेटतं कशानं? सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. दाबली की हवा तापते. इंजिनात दट्ट्या हवेला तिच्या मूळ जागेच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबतो, तेव्हा ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तापल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं तत्त्व हेच होतं, आणि तुमच्या शेडातल्या ट्रॅक्टरचंही हेच आहे.

म्हणजे सेल्फ फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर कारण तिघांपैकी एक असतं. डिझेल पोहोचत नाही, किंवा हवा पुरेशी जात नाही, किंवा हवा पुरेशी दाबली आणि तापवली जात नाही. यांपैकी कोणतं, हे ओळखायला पाना लागत नाही. डोळे लागतात.

आधी धूर बघा

एका समजूतदार माणसाला सीटवर बसवा. गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ सुटलेला, हँडब्रेक ओढलेला, हाताचा ॲक्सिलरेटर अर्ध्यावर. तुम्ही स्वतः बाजूला, पण सायलेंसरचं तोंड दिसेल असे उभे राहा. आता त्याला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा.

सायलेंसरमधून धूर मुळीच आला नाही, तर डिझेल इंजिनात पोहोचतच नाही. अशा वेळी हेड उघडू नका, नोझल काढू नका. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर शोधायचा.

पांढरा धूर आला, त्याला कच्च्या डिझेलचा वास आला आणि डोळे चुरचुरले, तर डिझेल पोहोचतं आहे पण जळत नाही. हवा तापत नसेल, डिझेलात पाणी असेल किंवा फवारा नीट पडत नसेल.

काळा धूर येऊन इंजिन एक-दोन ठोके देऊन बंद पडत असेल, तर डिझेल आहे, हवा कमी पडते आहे.

बस, एवढं बघितलं तर अर्धं काम झालं. माझ्या पाहण्यात पावसाळ्याच्या तोंडावर अडलेले बहुतेक ट्रॅक्टर पहिल्या प्रकारात मोडतात, म्हणजे धूरच येत नाही. म्हणून मी आज त्याच्यावर जास्त वेळ घेणार आहे.

पण त्याआधी सेल्फचा आवाज कानांनी ऐका. सेल्फ फिरतो हे खरं, पण कसा फिरतो? इंजिन पेट घ्यायला मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे तरी हवेत. रेडा चढावर गाडा ओढतो तसा सेल्फ अडखळत फिरत असेल, तर हवा दाबायला इतका वेळ लागतो की ती तापायच्या आतच निवते. मग डिझेल चांगलं, पंप चांगला, तरी इंजिन पेटत नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर आणि तिच्या वायरींवर घ्यावा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर वायर सोडवा. आधी अर्थची, मग दुसरी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवा. मात्र पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग घासून, घट्ट आवळून वरून व्हॅसलीन लावा. अर्थची वायर ट्रॅक्टरच्या अंगाला जिथं बोल्टनं बसवलेली असते, ती जागाही गंजते, आणि तिकडं सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर एखादी जोडणी हाताला गरम लागली, तर चोर तिथंच आहे असं समजा. ज्यांच्याकडे मीटर आहे त्यांच्यासाठी आकडे सांगतो. रात्रभर उभ्या असलेल्या, भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा. सेल्फ फिरत असताना तो १० व्होल्टच्या फार खाली जाऊ नये. नऊच्याही खाली गेला, तर बॅटरी आधी चार्ज करून आणा, बाकीचं मागाहून.

आणि एक पथ्य. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. दहा सेकंद झाले की निदान अर्धा मिनिट थांबा. चावी धरून बसणारा माणूस आधी बॅटरी संपवतो आणि मग सेल्फ जाळतो. एका दोषाचे तीन दोष होतात.

धूर मुळीच येत नसेल तर

बंधूंनो, इथं टाकीपासून सुरुवात करायची आणि डिझेलच्या वाटेनं पंपाकडं जायचं. पाटाचं पाणी शेतात आलं नाही तर आपण आधी दारं मोडलेलं नाही ना, हे बघतो. एकदम विहिरीची मोटर सोडवत नाही. तसंच इथंही.

टाकीत डिझेल आहे का? हसू नका. काटा बिघडलेला ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर उभा आहे असं समजून लोक दिवस घालवतात. टाकीत काडी घालून बघा, स्वच्छ काडी. टाकीखालची चावी उघडी आहे का ते बघा. मग टाकीचं झाकण. झाकणाला एक बारीक भोक असतं. डिझेल खाली गेलं की त्या भोकातून हवा आत यावी लागते. ते मातीनं बुजलं, किंवा कुंभारीण माशीनं त्यात घर केलं, तर डिझेल थोडा वेळ येतं आणि मग थांबतं. झाकण सैल करून सेल्फ मारून बघणं फुकटात होतं.

त्यानंतर स्टॉपची दांडी. इंजिन बंद करायला आपण समोरची जी मूठ ओढतो, तिची तार पंपावरच्या एका छोट्या लिव्हरपर्यंत जाते. मूठ ओढली की लिव्हर डिझेल तोडतो. ही तार उन्हाळ्यात धूळ बसून, पावसाळ्यात गंजून जाम होते. मूठ आत ढकललेली दिसते, पण पंपावरचा लिव्हर बंदच्या बाजूला अडकलेला असतो. म्हणून नुसती मूठ पाहू नका, पंपाजवळ जाऊन तो लिव्हर हातानं हलवा आणि चालूच्या बाजूला पूर्ण येतो का ते बघा. मागं एका गावात पेरणीच्या धांदलीत एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असाच अडला. बोलावलेल्या मिस्त्रीनं धूर पाहिला नाही, तार पाहिली नाही, थेट पंप उतरवला आणि तालुक्याला पाठवला. तीन दिवसांनी पंप परत आला, बसवला, ट्रॅक्टर पुन्हा अडला. मी गेलो तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं पंपावरचा लिव्हर बोटानं मागं सारला आणि सेल्फ मारताच इंजिन बोललं. तारेला चार थेंब तेल लागत होतं. त्या तीन दिवसांत शेजाऱ्यांची बाजरी पेरून झाली होती, आणि यांच्या हलक्या रानातला वाफसा गेला होता.

पंप कधी बिघडतच नाही, असं मी म्हणत नाही. पण तो शेवटी बिघडतो. पंपावर शिसाचं सील असतं, ते गावात तोडू देऊ नका. पंप उघडायला आणि जुळवायला त्याचं वेगळं यंत्र लागतं, झाडाखाली पोत्यावर बसून ते काम होत नाही.

आता डिझेल टाकीतून निघून पुढं कुठपर्यंत येतं ते पाहू. फीड पंपाला बऱ्याच ट्रॅक्टरांत हातानं दाबायचा खटका किंवा दट्ट्या असतो. पहिल्या फिल्टरच्या वरचा छोटा स्क्रू दीड-दोन फेरे सैल करा आणि तो खटका दाबत राहा. तिथून डिझेल जोरात, सलग आलं तर इथवर वाट मोकळी आहे. फेस आला, बुडबुडे आले तर हवा धरली आहे. काहीच आलं नाही तर मागं अडलं आहे. टाकीच्या बुडातली जाळी, फीड पंपाखालची काचेची वाटी, रबरी नळीतला मुरडा, या जागा तपासा. वाटीत बहुधा काळा गाळ साचलेला सापडेल. ती डिझेलनंच धुवा, पाण्यानं नाही, आणि बसवताना तिचं रबर नीट बसलं आहे ना ते पाहा.

फिल्टरबद्दल दोन शब्द. फिल्टर ही झिजून, बुजून टाकून द्यायचीच वस्तू आहे. काही शे रुपये वाचवायला कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालणारे लोक आहेत. धुतलेल्या कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्यातून गेलेली माती पंप खाते, आणि पंपाचा खर्च हजारांत जातो. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जितक्या तासांनी बदलायला सांगितला असेल तितक्या तासांनी बदला.

हवा काढणे

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा एखादी नळी सोडवली, की यंत्रणेत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. पंपात हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. याला आपल्याकडे एअर धरली म्हणतात. ही हवा काढणं हे काम ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे अशा प्रत्येकाला, घरातल्या भगिनींनाही, यायला हवं. अवघड काही नाही.

टाकी निदान अर्धी भरा. स्क्रूंच्या आसपासची माती ब्रशनं आणि डिझेलनं साफ करा. पहिल्या फिल्टरचा वरचा स्क्रू सैल करा, खटका दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार येत असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत ओढली जाते, ही चूक पुष्कळ जण करतात. मग दुसऱ्या फिल्टरचा स्क्रू, तसंच. मग पंपावरचा हवेचा स्क्रू, तसंच. खटका दाबून काही होत नसेल, बोटाखाली पोकळ लागत असेल, तर बेल्टकडून इंजिन थोडं फिरवा. फीड पंपाचा आतला भाग चढावर असला की खटका काम देत नाही. इंजिन फिरवताना चावी काढून खिशात ठेवा.

आता नोझलकडं जाणाऱ्या जाड लोखंडी नळ्या. नोझलच्या बाजूचे त्यांचे नट एकेक फेरा सैल करा. ॲक्सिलरेटर पूर्ण, आणि सीटवरच्या माणसाला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक नटापाशी डिझेल उडायला लागलं की नट आवळा आणि पुन्हा सेल्फ मारा. बहुतेक वेळा इंजिन दोन सिलिंडरवर अडखळत सुरू होतं आणि मग सगळी घेतं.

इथं हात आणि तोंड लांब ठेवा. जुन्या पंपाच्या नोझलमध्येही दर चौरस सेंटिमीटरला पावणेदोनशे ते अडीचशे किलो दाब असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात तो एक-सव्वा किलोच्या आसपास असतो, यावरून कल्पना करा. फवारा येतो का ते बोटानं चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा पुढं धरा. बारीक फवारा कातडीतून आत शिरला तर बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आतलं मांस सडतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासात दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेलं आहे असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हवा काढली, ट्रॅक्टर चालू झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. असं झालं तर हवा कुठून तरी रोज शिरते आहे. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, दाबलं जात नाही. म्हणून तिथं फट असली तर कधी कधी डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. तांब्याचे वायसर एकदा दबले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत, ते बदला. रबरी नळी वाकवून बघा, भेगा दिसतील. नळीला उंदरांनी दात लावले नाहीत ना, तेही पाहा. आणि तरीही सापडलं नाही तर एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ डब्यात दोन लिटर गाळलेलं डिझेल घ्या, डबा फीड पंपापेक्षा उंच टांगा आणि नव्या नळीनं तो थेट फीड पंपाला जोडा. टाकीची नळी तेवढ्यापुरती बाजूला. हवा काढून इंजिन सुरू झालं आणि तासभर नीट चाललं, तर दोष डबा जोडला त्या जागेच्या मागं, म्हणजे टाकी, चावी किंवा नळीत आहे. तरीही बंद पडलं, तर दोष पुढं आहे. एवढ्या परीक्षेनं निम्मा ट्रॅक्टर संशयातून मोकळा होतो.

पांढरा आणि काळा धूर

पांढऱ्या धुराचं पहिलं कारण पाणी. पावसाळ्यात आणि थंडीत अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री दहिवर धरतं, ते थेंब थेंब खाली बसतं. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. मग फिल्टर रिकामा करा, टाकीचा तळही काढा. यावर उपाय साधा आहे. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवायची, सकाळी नाही.

दुसरं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी द्यायला, फवारणीला ट्रॅक्टर लागतो आणि तो आढेवेढे घेतो. काही ट्रॅक्टरांना हवा तापवायला हीटर दिलेला असतो. त्याची चावी पंधरा-वीस सेकंद धरून मग सेल्फ मारायचा असतो. नेमकं किती, ते तुमच्या पुस्तकात बघा. हीटर तापतो का, त्याची वायर शाबूत आहे का, हे हिवाळा येण्याआधी पाहावं. याशिवाय रेडिएटर रिकामा करून त्यात कोमट पाणी घालण्याचा जुना उपाय आहे, तो चालतो. मात्र उकळतं पाणी थंड इंजिनात ओतू नका, हेड तडकतं.

हीटर चांगला, पाणी नाही, सेल्फ जोरात, तरी भरपूर पांढरा धूर येतो आणि इंजिन पेटत नाही. मग मात्र नोझल, व्हॉल्व्ह, रिंगा किंवा पंपाचा वेळ, यांपैकी काहीतरी आहे. चांगल्या इंजिनाचा सेल्फ फिरताना लयीत दबत दबत फिरतो, प्रत्येक सिलिंडरला थोडा जोर लागतो. तो जोर न लागता सेल्फ एकसारखा भरभर, रिकामा फिरत असेल, तर इंजिनात दाब उरलेला नाही. हे घरचं काम नाही.

काळ्या धुराचं बहुधा एअर क्लीनरपाशी मिटतं. तेलाचा क्लीनर असेल तर वाटी उतरवून बघा. तेलाचा चिखल झाला असेल तर बदला आणि खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेलं तेल इंजिन ओढून घेतं. वरच्या नळीत चिमणीचं घरटं, वाळलेला पाला, भुस्सा, काहीही सापडतं. मळणीच्या हंगामानंतर तर बघावंच.

हे करू नका

आता जे बोलतो ते जरा कडक बोलतो. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा किंवा पेटता बोळा धरून इंजिन सुरू करण्याची रीत बऱ्याच गावांत आहे. बाजारात ईथरचे फवारेही मिळतात. जुनं इंजिन त्यानं एखादवेळी सुरू होतं हे खरं. पण हे इंधन दट्ट्या वर पोहोचण्याआधीच भडकतं, रिंगा मोडतात, दट्ट्याला तडा जातो. आणि हीटर चालू असताना कुणी असा फवारा मारला, तर भडका क्लीनरच्या तोंडातून माणसाच्या तोंडावर येतो.

दुसरं. चावी बिघडली म्हणून खाली उभं राहून पान्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं सेल्फची दोन टोकं जोडतात. सेल्फ फिरतो. पण ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो त्याच क्षणी पुढं चालू लागतो, आणि माणूस नेमका मागच्या चाकापुढं उभा असतो. माणसं अशी चिरडून मेलेली आहेत. गिअर न्यूट्रलमध्ये आहे अशी खात्री असली तरी हे करू नका. चावीचा स्विच बदला. ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करायचा, हा घरात नियम करा, आणि मुलांना चालू-बंद करायला तर देऊच नका.

ओढून किंवा उतारावर सोडून ट्रॅक्टर सुरू करणंही टाळावं. दोष बॅटरीत असेल तरच त्याचा काही उपयोग. डिझेल पोहोचत नसेल तर गावभर ओढला तरी तो पेटणार नाही. आणि ओढ्याच्या पुरात किंवा तुंबलेल्या पाण्यात ट्रॅक्टर बंद पडला असेल, एअर क्लीनरमधून पाणी आत गेल्याची शंका असेल, तर सेल्फसुद्धा मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा ट्रॅक्टरची नोझलं काढून आधी पाणी बाहेर घालवावं लागतं.

विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनाबद्दलही नेहमी विचारणा होते. त्याला सगळं हेच लागू आहे, फक्त त्याला हँडल असतं आणि बऱ्याच इंजिनांना वर एक दाब सोडायचा लिव्हर असतो. हँडल हलकं फिरावं म्हणून तो उचलून धरायचा आणि वेग आला की सोडायचा. तो अर्धवट अडकून राहिला तर इंजिन जन्मात सुरू होणार नाही. हँडल फिरवताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, विळखा घालू नका. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो.

एवढं सगळं बघूनही ट्रॅक्टर अडलाच, तर मिस्त्रीला फोन करताना नुसतं 'चालू होत नाही' एवढंच सांगू नका. धूर कोणता येतो, सेल्फ जोरात फिरतो की अडखळत, पहिल्या फिल्टरपाशी डिझेल येतं का, पंपाच्या स्क्रूपाशी येतं का, नोझलच्या नटापाशी येतं का, आणि बंद पडण्याआधी काय केलं होतं, हे सांगा. जाणता मिस्त्री त्यावरून सोबत काय आणायचं ते ठरवतो आणि त्याची एक फेरी वाचते. यातलं काहीच न विचारता 'पंप उतरवावा लागेल' म्हणणारा मिस्त्री असेल, तर दुसरा बघा.

रोहिणी निघायच्या आत, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, ट्रॅक्टर एकदा बाहेर काढून अर्धा तास चालवावा. त्याच वेळी डिझेलचे फिल्टर, चार-सहा तांब्याचे वायसर आणि हातभर रबरी नळी क्लिपांसह आणून पेटीत ठेवावी. डिझेल घरी साठवत असाल तर जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात किंवा बादलीत ठेवू नका, जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर बुजतात. पिंप आणल्यावर एक दिवस हलवू नका आणि तळचं चार बोटं डिझेल ओढू नका. टाकीत ओतताना कापड नको, त्याचे धागे जातात. बारीक जाळीचं नाळकं वापरा. पिंपाला वरून झाकण आणि त्यावर पावसाचं पाणी साचणार नाही असा आडोसा हवा.